अडीचची वायर की चारची? मोठ्या लोडचं घरगुती सर्किट आखताना

गिझर आणि पाणी तापवणारं वॉशिंग मशीन एकाच लाइनवर. दोन्ही सोबत चालू झाले की थोड्या वेळाने एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप लाइन तोडणारा स्विच) पडतो. कोणीतरी येतं, डीबी (एमसीबी बसवलेली वीज वाटपाची पेटी) उघडतं, १६ अँपिअरचा एमसीबी काढून तिथे ३२ चा बसवतं. त्या दिवसापासून ट्रिप होणं बंद. घरातले खूश, काम करणाराही खूश. भिंतीतली वायर मात्र तीच, दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची). आधी ती तापायला लागली की एमसीबी लाइन तोडायचा. आता तोडणारं कोणी उरलेलं नाही.

या कामात नव्याने येणाऱ्याने पहिल्याच दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की करावी. एमसीबी गिझरसाठी नसतो, एसीसाठीही नसतो. तो वायरसाठी असतो. गिझरने किती करंट ओढायचा ते गिझर ठरवतो. त्या करंटने वायरचं आवरण वितळू नये, एवढंच एमसीबी बघतो. म्हणून सर्किट आखताना तीन आकडे चढत्या क्रमाने यायला हवेत: आधी उपकरणाचा करंट, मग एमसीबीचा आकडा, मग वायरची क्षमता. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा नको, दुसरा तिसऱ्यापेक्षा मोठा नको. वरच्या गोष्टीत दुसरा आकडा तिसऱ्याच्या पुढे गेला.

खाली सगळा हिशोब २३० व्होल्टच्या सिंगल फेज पुरवठ्यावर मांडला आहे. जिथे पुरवठा १२० व्होल्टचा असतो तिथे तेवढ्याच वॅटला जवळपास दुप्पट करंट लागतो, बाकी पद्धत तीच. आणि एक अट: हिशोब कोणीही करावा, पण मेन उघडून हात घालण्याचं काम परवाना असलेल्या वायरमनचं. शिकत असाल तर त्याच्या हाताखाली.

पायरी १: पाटी वाचा, अंदाज करू नका

प्रत्येक उपकरणाच्या मागे किंवा तळाला एक पाटी असते. तिच्यावरचे वॅट २३० ने भागले की अँपिअर मिळाले. २००० वॅटची इंडक्शन शेगडी म्हणजे ८.७ अँपिअर. ३००० वॅटचा गिझर म्हणजे १३ अँपिअर. विजेच्या गाडीचा ७.४ किलोवॅटचा चार्जर म्हणजे ३२ अँपिअर.

एसीच्या बाबतीत नवशिके हमखास फसतात. दीड टन म्हणजे सुमारे ५.३ किलोवॅट, पण ती खोलीतून बाहेर काढलेली उष्णता आहे, विजेचा खप नव्हे. वीज लागते त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी. पाटीवर थंडाव्याचा आकडा वेगळा आणि इनपुटचा वेगळा असतो. आपल्याला इनपुटचा हवा. त्यातही ‘कमाल इनपुट’ असं वेगळं दिलं असेल तर तोच धरायचा, कारण कडक उन्हात मशीन त्याच आकड्यापर्यंत जाणार.

आणखी एक बारकावा. गिझर, हीटर, इस्त्री ही नुसती तापणारी कॉइल असते. व्होल्टेज उतरलं की तिचा करंटही उतरतो. इन्व्हर्टर एसीचं उलट आहे. त्याला ठरलेलं काम पूर्ण करायचं असतं, त्यामुळे व्होल्टेज उतरलं की तो जास्त करंट ओढतो. ज्या घरात संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथे एसीचा हिशोब नेमका २३० वर करू नका, थोडा हात राखून करा.

वॅटइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न म्हणजे उपकरण सलग किती वेळ चालतं. किटली तीन मिनिटांत बंद होते. वायर तापायला सुरुवात होते ना होते तोच काम संपतं. गाडीचा चार्जर मात्र पूर्ण करंटवर सात-आठ तास चालतो. एवढ्या वेळात वायर, टर्मिनल, सॉकेट सगळं त्याच्या कमाल तापमानाला पोचतं आणि तिथेच राहतं. त्यामुळे तासन्‌तास चालणाऱ्या लोडसाठी एमसीबीच्या आकड्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच जायचं, अशी सवय ठेवा. काही देशांच्या नियमांत ती सक्ती आहे, बाकी ठिकाणीही तोट्याची नाही.

मग स्वतंत्र सर्किट कोणाला? माझा ठोकताळा असा: भिंतीला कायमचं बसवलेलं आणि दोन हजार वॅटच्या आसपास किंवा वर असलेलं प्रत्येक उपकरण. गिझर, एसी, ओव्हन, विजेची शेगडी, पाणी तापवणारं वॉशिंग मशीन, डिशवॉशर, चार्जर. एक उपकरण, एक एमसीबी, एक वायर, मधे दुसरा पॉइंट नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावरचे सॉकेट एकत्र घेता येतात, पण तिथे दोन वेगळी सर्किटं टाका आणि पॉइंट एकाआड एक वाटून द्या. शेजारशेजारच्या दोन सॉकेटमध्ये किटली आणि मायक्रोवेव्ह लागणारच आहेत.

पायरी २: एमसीबी निवडा

१३ अँपिअरच्या गिझरला १६ चा एमसीबी. इथवर सोपं आहे. पण १६ लिहिलेला एमसीबी १६ ला पडत नाही, हे माहीत हवं. घरगुती एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, ६३ अँपिअरपर्यंतचा एमसीबी आपल्या आकड्याच्या १.१३ पट करंटवर तासभर तरी पडता कामा नये, आणि १.४५ पटीवर तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे १६ चा एमसीबी १८ अँपिअर निवांत सोसतो, आणि २३ अँपिअरवर पडायलाही त्याला तासापर्यंत मुभा आहे. मधल्या पट्ट्यात कधी पडेल ते सांगता येत नाही. ‘एमसीबी आहे ना, मग वायर अगदी काठावरची चालेल’ हा विचार इथे कोसळतो.

आत दोन यंत्रणा असतात. एक दोन धातूंची पट्टी, जी तापली की हळूहळू वाकते आणि ओव्हरलोडला लाइन तोडते. दुसरी चुंबकाची कॉइल, जी शॉर्ट सर्किटला क्षणात ओढते. ही कॉइल किती करंटला ओढणार त्यावरून बी, सी, डी हे प्रकार पडतात: बी आकड्याच्या ३ ते ५ पटीला, सी ५ ते १० पटीला, डी १० ते २० पटीला. गिझरसारख्या साध्या कॉइलला बी पुरतो. एसीचा कॉम्प्रेसर, पंप यांना सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट लागतो, म्हणून तिथे सी. घरात डी ची गरज सहसा पडत नाही. कोणी सुचवला तर आधी ‘का’ विचारा, कारण त्याला शॉर्टमध्ये पाडायला फार मोठा करंट लागतो आणि तेवढा करंट वाहू देणारी अर्थिंग असेलच असं नाही.

आणखी एक: पट्टी उष्णतेवर चालते आणि तिचं मोजमाप ३० अंशांवर ठरवलेलं असतं. बंद, तापलेल्या डीबीमध्ये पूर्ण लोडचे चार एमसीबी खेटून बसवले तर ते आकड्याच्या आधीच पडू लागतात. मोठ्या लोडचे एमसीबी एकमेकांना चिकटवू नका, मधे लाइटचा एखादा टाका.

पायरी ३: वायर

इथे थोडं थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

वायरची जाडी तिच्या तांब्याच्या काटछेदाच्या चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात. बोलताना आपण दीडची, अडीचची, चारची म्हणतो. पीव्हीसी आवरणाची तांब्याची वायर, भिंतीवरच्या किंवा गिलाव्यातल्या पाइपातून एकटी नेलेली, आसपास ३० अंश तापमान, अशा परिस्थितीत दीडची १७.५ अँपिअर वाहते, अडीचची २४, चारची ३२, सहाची ४१ आणि दहाची ५७. हे आकडे आवरण ७० अंशांच्या वर जाऊ नये या हिशोबाने काढलेले आहेत. बऱ्याच जणांना एवढेच पाठ असतात आणि इथेच ते थांबतात.

पण भिंतीतली वायर एकटी नसते आणि हवा ३० अंशांवर थांबत नाही. म्हणून दोन गुणक लावावे लागतात. आसपासचं तापमान ४० अंश असेल तर क्षमतेला ०.८७ ने गुणायचं, ४५ ला ०.७९ ने, ५० ला ०.७१ ने. गच्चीखालचा पोटमाळा उन्हाळ्यात ५० सहज गाठतो. दुसरा गुणक गर्दीचा: एका पाइपात दोन भारलेली सर्किटं असतील तर ०.८०, तीन असतील तर ०.७०, चार असतील तर ०.६५. प्रत्येक वायर शेजारणीलाही तापवते, म्हणून हा गुणक.

आता आपला ३००० वॅटचा गिझर घ्या. एमसीबी १६ चा. अडीचची वायर, पण तिच्याच पाइपातून एसीचं आणि ओव्हनचंही सर्किट गेलंय, आणि तापमान ४० अंश. २४ गुणिले ०.८७ गुणिले ०.७०, उत्तर १४.६ अँपिअर. एमसीबी १६ चा आणि वायरची क्षमता १४.६. साखळी उलटली. चारची वायर घेतली तर ३२ गुणिले तेच दोन गुणक, म्हणजे १९.५. बसलं.

दुसरा मार्गही आहे, आणि बहुतेक वेळा तोच बरा. गिझरला स्वतंत्र पाइप द्या. मग गर्दीचा गुणक लागतच नाही, २४ गुणिले ०.८७ म्हणजे जवळपास २१, आणि अडीचची वायर निर्धास्त चालते. पाइप वायरपेक्षा स्वस्त असतो, पण तो भिंत फोडतानाच टाकावा लागतो. नंतर सुचून उपयोग नाही. लाइटच्या सर्किटचा करंट सहसा त्याच्या क्षमतेच्या ३० टक्क्यांहूनही कमी असतो, त्यामुळे अशी नाममात्र भारलेली वायर गर्दीत मोजत नाहीत.

उष्णतेचा नियम जूल या शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये मांडला: करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. अडीचच्या वायरमध्ये १३ अँपिअर वाहताना दर मीटरला सव्वा वॅट उष्णता तयार होते. हात लावला तरी जाणवणार नाही. २६ अँपिअर वाहिले की तीच पाच वॅट होते, आणि पाइपात, गिलाव्याच्या आत ती जाणार कुठे? पीव्हीसी ७० अंशांच्या वर राहिली तर लगेच पेटत नाही. ती हळूहळू कडक होते, तडकते, आणि काही वर्षांनी, वायर हलवली गेल्याच्या एखाद्या दिवशी, शॉर्ट होते. त्यामुळे चूक आणि तिचा परिणाम यांची सांगड कोणी घालत नाही.

पायरी ४: अंतर तपासा

लांब वायरमध्ये थोडं व्होल्टेज वाटेतच संपतं. अडीचच्या वायरचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम. डीबीपासून गिझर २० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर, रोध ०.३ ओहम, १३ अँपिअरला सुमारे ४ व्होल्ट खाल्ले. दोन टक्क्यांच्या आत, चिंता नाही. घराच्या आत अंतर सहसा प्रश्न निर्माण करत नाही.

घराबाहेर करतं. आवारातल्या ६० मीटर दूरच्या शेडमध्ये ३२ अँपिअरचा चार्जर लावायचा म्हटलं, तर सहाच्या वायरची क्षमता (४१) कागदावर पुरते, पण १२० मीटरच्या फेरीत जवळपास १२ व्होल्ट जातात. तेही थंड वायरचं. ७० अंशांवर तांब्याचा रोध २० टक्क्यांनी वाढतो, मग १४ व्होल्ट. पाच टक्क्यांची नेहमीची मर्यादा ओलांडली. तिथे दहाची वायर लागते.

पायरी ५: अर्थिंग आणि आरसीसीबी

एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. अंगातून ३० मिलिअँपिअरच्या वर करंट काही क्षण वाहिला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा आकडा दिसतसुद्धा नाही, तो त्याच्या पाचशेव्या हिश्श्याएवढा आहे.

आधी अर्थिंगचं काम समजून घेऊ. गिझरची कॉइल फुटली आणि टाकीला फेज लागला, तर त्या करंटला घरी जायला रुंद रस्ता मिळावा, भरपूर करंट वाहावा आणि एमसीबी ताबडतोब पडावा, यासाठी अर्थची वायर असते. ‘भरपूर’ म्हणजे किती? सी प्रकारच्या १६ अँपिअर एमसीबीला नक्की क्षणात पाडायला १६० अँपिअर हवेत. २३० ला १६० ने भागा: १.४४ ओहम. फेज, अर्थची वायर आणि परतीचा सगळा रस्ता मिळून रोध एवढ्याच्या आत असला पाहिजे.

आता कल्पना करा की घराची अर्थिंग फक्त आवारात पुरलेल्या कांबीवर अवलंबून आहे आणि तिचा रोध १० ओहम आहे. कांबीच्या मानाने हा आकडा वाईट नाही. फॉल्टला करंट वाहील जेमतेम २३ अँपिअर. १६ चा एमसीबी यावर तासभर विचार करत बसू शकतो, हे आपण वर पाहिलं. तेवढा वेळ टाकी आणि तिला जोडलेले धातूचे नळ जिवंत. ‘अर्थिंग केलंय’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी हा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने करावा.

म्हणून आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच. त्याचं तत्त्व साधं आहे: फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत यायला हवा. फरक पडला म्हणजे कुठेतरी गळती आहे, कदाचित माणसातून. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढ्या गळतीला ०.३ सेकंदात आणि पाचपट गळतीला ०.०४ सेकंदात लाइन तोडतो. दोन मर्यादा लक्षात ठेवा. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलं तर त्याला फरक दिसत नाही, तो गप्प राहतो. आणि त्याला ओव्हरलोड कळत नाही, त्यामुळे एमसीबी लागतोच. दोन्ही कामं एकाच डब्यात हवी असतील तर आरसीबीओ मिळतो.

पूर्ण घराला एकच आरसीसीबी लावणं मला पटत नाही. संगणक, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी अशा प्रत्येक उपकरणातून थोडी गळती कायम चालू असते आणि ती बेरजेत वाढते. मग आरसीसीबी उगाच पडतो, घरातले वैतागतात, आणि कोणीतरी तो बायपास करून टाकतो. त्यापेक्षा प्रत्येक मोठ्या सर्किटला स्वतःचा आरसीबीओ द्या. गिझरमधून करंट गळला तर फक्त गिझर बंद पडेल, घर अंधारात जाणार नाही. जुना गिझर थंड असताना ठीक आणि तापल्यावर आरसीबीओ पाडत असेल तर आरसीबीओला दोष देऊ नका. कॉइलच्या आवरणाला चीर गेलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

आरसीसीबीचा प्रकारही बघा (एमसीबीचे बी, सी, डी ते वेगळे). एसी हा सर्वांत जुना प्रकार (मशीनचा एसी नव्हे, नाव सारखं आहे एवढंच) फक्त साध्या गळतीला ओळखतो. इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या उपकरणांना किमान ए प्रकार हवा. गाडीच्या चार्जरला बी प्रकार लागतो, किंवा चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअरच्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) गळतीचं संरक्षण असेल तर ए चालतो. चार्जरच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं.

आणि अर्थिंगमधला सगळ्यात घातक शॉर्टकट. सॉकेट उघडल्यावर न्यूट्रल आणि अर्थ या दोन टर्मिनलना जोडणारा एक छोटा तुकडा दिसला, तर काम तिथेच थांबवा. अर्थची वायर नव्हती म्हणून कोणीतरी न्यूट्रललाच अर्थ करून टाकलेलं असतं. टेस्टरवर सगळं नीट दिसतं. पण ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी उपकरणाच्या पूर्ण बॉडीवर २३० व्होल्ट येतील.

अर्थच्या वायरची जाडी घरगुती सर्किटमध्ये फेजएवढीच ठेवा आणि ती प्रत्येक पॉइंटपर्यंत डीबीतून थेट न्या.

पायरी ६: जॉइंट, टर्मिनल, सॉकेट

हिशोब बरोबर आणि तरी जळालेला वास, हे मी जिथे जिथे पाहिलं तिथे दोष वायरच्या मधे नव्हता, टोकाला होता. एकदा गिझरच्या स्विचचा डबा उघडला तर वायर अगदी नवी कोरी, आणि शेवटचे दोन सेंटिमीटर काळे कोळसा. स्क्रू अर्धा फेरा सैल राहिला होता.

असं का होतं ते आकड्यात बघा. सैल टर्मिनलचा रोध नुसता ०.१ ओहम धरा. १३ अँपिअरला तिथे १७ वॅट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नची ताकद साधारण एवढीच असते, आणि इथे ती नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या आत आहे. एमसीबीला यातलं काहीच कळत नाही. करंट १३ चाच आहे, गळतीही नाही. या दोषाला पकडणारं उपकरण साध्या डीबीत नसतं, फक्त हात पकडतो.

त्यामुळे वायर सोलताना तांब्याचे पदर तुटू देऊ नका. टर्मिनलमध्ये बसत नाहीत म्हणून चार पदर कापणं म्हणजे चारची वायर टोकाला अडीचची करणं. पदराच्या वायरला शेवट दाबून बसवायची टोपी किंवा लग लावा. स्क्रू आवळल्यावर वायर ओढून पाहा. आवरण टर्मिनलखाली दबलं नाही ना, तेही बघा. मोठ्या लोडच्या वायरला वाटेत जॉइंट नको. आलाच तर उघडता येईल अशा जंक्शन बॉक्समध्ये, कनेक्टरने. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जॉइंट गिलाव्यात पुरू नका. अॅल्युमिनियमची जुनी वायर तांब्याला थेट जोडायची नसते, त्यासाठी वेगळे कनेक्टर येतात.

सॉकेट १६ अँपिअरचा असला तरी पिना घट्ट धरणारा हवा. तासाभराच्या वापरानंतर प्लग कोमट झाला तर चालेल, धरवत नसेल तर सॉकेट बदला. तासन्‌तास पूर्ण करंटवर चालणारी उपकरणं, म्हणजे मोठा चार्जर, शेगडी, झटपट तापवणारा गिझर, प्लगवर न ठेवता थेट टर्मिनलला जोडलेली बरी. गिझरला स्विच डबल पोलचा द्या, म्हणजे बंद केल्यावर फेजसोबत न्यूट्रलही तुटतो. तो स्विच न्हाणीघराच्या बाहेर किंवा निदान पाण्याचा फवारा पोचणार नाही एवढ्या दूर.

एक्स्टेन्शन बोर्डवर हीटर किंवा एसी नाहीच. ड्रमवर गुंडाळलेली एक्स्टेन्शन वायर वापरावीच लागली तर पूर्ण उलगडून. अनेक ड्रमवर गुंडाळलेल्या आणि उलगडलेल्या वायरसाठी वॅटचे दोन वेगळे आकडे छापलेले असतात, ते वाचा.

पायरी ७: डीबीत मांडणी

प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल वेगळा आणि त्याच सर्किटच्या आरसीबीओकडे गेला पाहिजे. दोन सर्किटचे न्यूट्रल आपसात मिसळले की आरसीसीबी विनाकारण पडत राहतो आणि शोधता शोधता दिवस जातो. तीन फेजचा पुरवठा असेल तर मोठे लोड तिन्हींवर वाटा. गिझर एका फेजवर, एसी दुसऱ्या, शेगडी तिसऱ्या. मुख्य न्यूट्रलच्या टर्मिनलवर मात्र दुप्पट लक्ष द्या. तीन फेजमध्ये तो सुटला तर एखाद्या फेजवर हलका लोड असलेल्या उपकरणांना २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्टेज जाऊ शकतं.

सगळ्या लोडची बेरीज मंजूर लोडच्या वर जात असेल तर घाबरू नका, सगळं एकाच वेळी चालत नाही. पण गिझर, ओव्हन आणि चार्जर रात्री आठला एकत्र चालू होण्याची शक्यता किती, हे घरातल्या माणसांना विचारून ठरवा.

पायरी ८: वीज सोडण्याआधी आणि नंतर

मेन बंद करा, कोणी चालू करणार नाही अशी कुलूप किंवा पाटीची सोय करा, मग मीटरने पाहा. मीटर आधी चालू लाइनवर लावून तो बरोबर दाखवतो याची खात्री, मग बंद लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर. निऑनच्या टेस्टरवर जीव ठेवू नका. तो पेटला नाही म्हणजे वीज नाही असं होत नाही.

मग क्रमाने: अर्थची वायर डीबीपासून पॉइंटपर्यंत अखंड आहे का. फेज आणि न्यूट्रल जागच्या जागी आहेत का. उपकरणं काढून, इलेक्ट्रॉनिक वस्तू सुट्या करून, मेगरने (आवरणाचा रोध मोजणाऱ्या मीटरने) ५०० व्होल्ट डीसीवर इन्सुलेशन. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही १ मेगाओहमच्या वर हवेतच, नव्या वायरिंगमध्ये त्याच्या कितीतरी पट जास्त येतात. १० मेगाओहम आले तरी मी नव्या कामात कारण शोधतो. फॉल्टच्या रस्त्याचा रोध लूप टेस्टरने मोजून वरच्या १.४४ सारख्या आकड्याशी ताडून बघा.

वीज सोडल्यावर आरसीबीओचं ‘टी’ (टेस्ट) बटण दाबा. पडला पाहिजे. घरातल्यांनाही ते दाखवा आणि तीन-चार महिन्यांतून एकदा दाबायला सांगा. वर्षानुवर्षं न हललेली यंत्रणा आतून अडकू शकते. मग गिझर पूर्ण लोडवर अर्धा तास चालवा आणि स्विचच्या पाटीवर, सॉकेटवर, एमसीबीच्या तोंडावर पालथा हात ठेवून फिरवा. बाकीच्यांपेक्षा एखादी जागा जास्त गरम वाटली तर मेन बंद करून तो स्क्रू पुन्हा पाहा.

शेवटी डीबीच्या दाराच्या आत एक कागद चिकटवा. प्रत्येक एमसीबीसमोर उपकरण, वायरची जाडी, पाइप स्वतंत्र की सामायिक, आणि तारीख. पाच वर्षांनी एमसीबी पडतोय म्हणून जो माणूस हातात ३२ चा घेऊन येईल, त्याला तिथे ‘अडीचची वायर, सामायिक पाइप’ असं लिहिलेलं दिसू दे.